नगररचना शिकलेल्यांना पुन्हा पहिल्या वर्षात बसवू नका

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात व्यवसाय करणाऱ्या सर्व आर्किटेक्ट मंडळींना

सप्रेम नमस्कार.

थेट मुद्द्यावर येते. तुमच्यापैकी कोणाला नगररचनाकार व्हावेसे वाटले तर वाट सरळ आहे. बी.आर्च., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी झाली की २ वर्षांचे एम.प्लॅन., म्हणजे नियोजनाचे पदव्युत्तर शिक्षण करायचे. सिव्हिल इंजिनिअरलाही तीच वाट मोकळी आहे. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र घेऊन एम.ए. झालेल्यांनाही अनेक संस्था एम.प्लॅन.ला घेतात. उलट बाजूने यायचे म्हटले की मात्र भिंत आडवी येते. बी.प्लॅन. करून ४ वर्षे नियोजन शिकलेल्या, नकाशावर हात बसलेल्या मुलीला आर्किटेक्ट व्हायचे असेल तर तिने बारावीच्या पोरांबरोबर 'नाटा' या प्रवेशपरीक्षेला बसायचे आणि बी.आर्च.च्या पहिल्या वर्षापासून पुढची ५ वर्षे काढायची. मधल्या वर्षात प्रवेश नाही. एम.आर्च. करावे तर त्याला आधी बी.आर्च. लागते. म्हणजे ४ आणि ५ मिळून ९ वर्षे, तीही घरच्यांनी तेवढा खर्च पेलला तर.

या भिंतीपाशी अडलेल्यांपैकी मी एक. वडगावात वाढले, पुण्यात बी.प्लॅन. केले, परत आले आणि तेव्हापासून बेळगावातल्या आर्किटेक्ट कार्यालयांतच काम करते आहे. हे पत्र दिल्लीला, आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या आर्किटेक्चर परिषदेला लिहिता आले असते. तुम्हाला लिहिते आहे, कारण रोज आमच्याकडून काम करून घेणारे तुम्ही आहात. आम्हाला काय येते आणि काय येत नाही, दोन्ही तुम्ही जवळून पाहिले आहे. शिवाय परिषदेपर्यंत आवाज पोहोचवायची सोय तुमच्याकडे आहे, आमच्याकडे नाही.

एक गैरसमज आधीच दूर करते. 'आर्किटेक्ट' हे बिरुद कोणालाही लावू द्या, असे मी म्हणत नाही. परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही, हे १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टचे ३७ वे कलम मला पूर्ण मान्य आहे. घर बांधणारा माणूस आयुष्याची पुंजी त्यात घालतो. समोर बसलेला काय शिकून आला आहे, हे त्याला कळायलाच हवे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने नोएडा प्राधिकरणाच्या एका प्रकरणात हे कलम नेमके कुठवर जाते ते सांगितले. ते बिरुदाचे रक्षण करते, इमारतीचे डिझाइन किंवा देखरेख ही कामे इतरांना बंद करत नाही. पण ज्या पदाच्या नावातच आर्किटेक्ट आहे, त्यावर ती पात्रता नसलेला माणूस बसवता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे.

तेव्हा कायद्याने मी घराचा आराखडा काढू शकते. परवान्याच्या नकाशावर सही कोणाची चालेल, ते पालिकेचे उपविधी ठरवतात. तिथे आर्किटेक्ट असतो, इंजिनिअर असतो, सुपरवायझर असतो. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत टाउन प्लॅनरलाही जागा आहे, पण ती जमिनीचे प्लॉट पाडण्यापुरती, लेआऊटपुरती. यात मला अन्याय दिसत नाही. इमारत उभी करायला जे लागते ते आम्हाला पुरते शिकवलेले नसते. मग ते शिकायची रास्त वाट द्या, एवढेच माझे मागणे आहे.

बिरुदाबद्दल मी इतकी काटेकोर का, तेही सांगते. एका कार्यालयात रुजू झाल्यावर मला 'ज्युनिअर आर्किटेक्ट' अशी कार्डे छापून मिळाली. गिऱ्हाइकाला बरे वाटते, असे कारण दिले गेले. मी ती परत केली आणि 'नगररचनाकार' असे छापून मागितले. त्यावर उत्तर आले की तसे लिहिले तर बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, माणसे आली असे वाटून लोक धास्तावतात. नवी कार्डे कधी आलीच नाहीत. मी काढलेल्या लेआऊटवर माझे नाव कुठेच नसे. मीटिंगला नेले तर ओळख 'आमच्या ऑफिसमधली मुलगी' एवढीच. अशा कार्यालयांत आमच्यातली बरीच मुले-मुली वर्षानुवर्षे कॅड हे नकाशे काढायचे सॉफ्टवेअर चालवत बसतात. ना धड नियोजक, ना आर्किटेक्ट. पुढे एखाद्या बिल्डरकडे जातात किंवा स्पर्धा परीक्षांच्या मागे लागून हे क्षेत्रच सोडतात. नियोजन शिकलेली माणसे आधीच मूठभर, त्यात ही गळती.

"प्लॅनिंगमध्ये नोकरी मिळत नाही म्हणून तुम्ही इकडे येता का?" असे तुमच्यातल्या एका ज्येष्ठ मॅडमनी मला विचारले होते. प्रश्न रास्त होता. त्यात तथ्य नाही असे म्हणणार नाही. नीती आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये नगरनियोजनावर अहवाल काढला. राज्यांच्या नगररचना खात्यांत १२ हजारांहून अधिक नियोजकांची गरज असताना मंजूर पदे ४ हजारांहूनही कमी, आणि त्यातली जवळपास निम्मी रिकामी, असे त्यात म्हटले आहे. अनेक राज्यांत या पदांसाठी नियोजनाची पदवी ही अटच नाही, हेही त्यात आहे. आम्हाला स्वतःची वैधानिक परिषद नाही. १९५१ साली स्थापन झालेली 'इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया' आहे, तिचे सदस्यत्व मिळते, पण त्याला तुमच्या नोंदणीसारखे कायद्याचे बळ नाही. देशातल्या निम्म्याहून अधिक शहरांना आराखडाच नाही आणि नियोजक मात्र कामाविना फिरतात, ही आजची स्थिती आहे.

पण माझ्यासारखीला आर्किटेक्ट व्हावेसे वाटते त्याचे कारण निराळे आहे आणि ते मला थोडे सविस्तर सांगायचे आहे.

वडगाव-शहापूरच्या विणकर गल्ल्यांतली घरे तुम्हाला नवी नाहीत. दर्शनी रुंदी जेमतेम, आत मात्र लांबच लांब. पुढे माग, मध्ये माजघर, मागे न्हाणी आणि परसू, वर मंगळुरी कौले. दोघा भावांची वाटणी झाली की भिंत लांबीच्या अंगानेच पडते आणि प्रत्येकाच्या वाट्याला नऊ-दहा फुटांची पट्टी येते. असे एक घर आमच्या कार्यालयात आले. धाकट्या भावाला आपल्या पट्टीत खाली यंत्रमाग ठेवून वर दोन मजले हवे होते. मी आधी सगळ्या गल्लीचा नकाशा केला. कोणाचा मधला चौक बुजला, कोणाच्या पन्हळीचे पाणी कोणाच्या भिंतीवर पडते, गटाराचा उतार कुठे उलटा झाला आहे, मागाचे सामान घेऊन येणारा टेंपो कुठे थांबतो, ते सगळे त्यावर मांडले. मालकाने तो नकाशा बराच वेळ पाहिला आणि शेजारच्या काकांनाही बोलावून दाखवला. काकांनी त्यांच्या बाजूची पन्हळ वळवायला तिथेच होकार दिला.

तिथपर्यंत माझे शिक्षण पुरले. पुढचा प्रश्न जिन्याचा होता. नऊ फुटांत जिना, न्हाणीघर, मागाची खोली आणि वारा, हे सगळे बसवायचे कसब माझ्याकडे नव्हते. आमच्या सरांनी जिना घराच्या मध्यावर आणला, त्याच्या माथ्यावर झरोका ठेवला आणि त्या एका पोकळीतून तिन्ही मजल्यांना उजेड दिला. मागाच्या खोलीतला उष्मा वर निघून जायलाही तीच पोकळी कामी आली. मग त्यांनी मला छज्ज्याचा छेद काढायला बसवले. स्लॅबची कड किती बाहेर, पॅरापेटच्या माथ्याचा कल आतल्या बाजूला का, छज्ज्याच्या पोटाला कडेपासून थोडी आत जी खाच ठेवतात ती कशासाठी. आपल्याकडच्या पावसात ती बोटभर खाच नसेल तर पागोळीचे पाणी छज्ज्याच्या पोटाने सरकत भिंतीपर्यंत येते, आणि काही पावसाळ्यांतच आतला गिलावा फुगून सुटू लागतो. साइटवर गवंड्याने ती खाच पट्टी लावून कशी धरली, ते मी उभी राहून पाहिले. गल्लीचा नकाशा आणि ही खाच एकाच माणसाच्या हाताखाली असायला हव्यात, असे मला त्या दिवसापासून मनापासून वाटते. आर्किटेक्ट व्हायचे आहे ते त्यासाठी.

आणि आम्ही येताना रिकाम्या हातांनी येत नाही. तुमच्या कार्यालयांत लेआऊटची कामे भरपूर असतात. एक मालक, एक सर्व्हे नंबर, त्यात बसतील तेवढे प्लॉट, नियमाप्रमाणे रस्ते आणि मोकळी जागा, की फाइल बुडात. शेजारच्या सर्व्हे नंबरात दुसऱ्या कार्यालयाने तेच केलेले असते. मग एका लेआऊटमधला नऊ मीटरचा रस्ता जिथे संपतो तिथे दुसऱ्यातल्या कोणाच्या तरी प्लॉटचे कंपाउंड उभे राहते. दोन्ही नकाशे नियमाला धरूनच असतात. शहराच्या कडेच्या कुठल्याही नव्या वसाहतीत शिरा, असे आंधळे रस्ते सापडतील. उद्यानासाठी सोडलेली जागा बहुधा कोपऱ्यातला उरलेला त्रिकोण असते, आणि बरेचदा सगळ्यात सखल भागही तोच.

कंग्राळीच्या बाजूच्या एका कामात मी आजूबाजूच्या मंजूर लेआऊटचे रस्ते, जमिनीच्या उंचीच्या रेषा आणि ओढ्याची जुनी वाट एकाच शीटवर आणली. रस्ता शेजारच्या रस्त्याला जोडून घेतला आणि मोकळी जागा ओढ्याच्या काठाने लांबट ठेवली. मालक कुरकुरला, दोन प्लॉट कमी पडतात म्हणाला. सरांनी त्याला शीट दाखवून विचारले, "पावसाळ्यात पाणी शिरलेले प्लॉट कोणाला विकणार?" त्याने मान्य केले. ही विद्या तुमच्या अभ्यासक्रमात थोडी असते, आमच्यात मुख्य असते.

लेंडी नाला आणि बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात शिरून भात कुजते, ते आपण दर मोठ्या पावसात पाहतो. नाल्यातला गाळ, जलपर्णी, आवळत गेलेले पात्र, सखल जमिनीत भराव घालून उठलेल्या वसाहती, या सगळ्याची ती बेरीज आहे. त्यातली प्रत्येक वसाहत कोणत्या ना कोणत्या कार्यालयात टेबलावर आखली गेली. हा दोष एकट्या आर्किटेक्टांचा नाही, हे मला माहीत आहे. पण ज्या कार्यालयात इमारत आणि शिवार दोन्ही वाचणारी माणसे असतील, तिथून निघणारा नकाशा वेगळा असेल, याची मला खात्री आहे.

सीमाभागात याची गरज जरा जास्तच आहे. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. देशातला पहिला नगररचना कायदा, १९१५ चा मुंबईचा, तो आपल्याही शहराला लागू होता. आज आपल्याला कर्नाटकाचा १९६१ चा नगर व ग्राम नियोजन कायदा आहे आणि शिनोळीची हद्द ओलांडली की महाराष्ट्राचा १९६६ चा. चंदगडचा शेतकरी बाजाराला बेळगावात येतो, त्याची मुले इथे शिकतात, आजारी माणूस इथल्या दवाखान्यात येतो. आराखड्याच्या कागदावर मात्र सीमेपलीकडे पांढरी जागा असते. तुमच्यापैकी अनेकांची कामे दोन्हीकडे चालतात. प्लॉटवर किती बांधता येईल ते मोजायला इकडे एफ.ए.आर., तिकडे एफ.एस.आय. आणि २०२० ची एकीकृत बांधकाम नियमावली. इकडची कागदपत्रे कन्नडमध्ये, मालक मराठी. महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी प्रवेशाची वेगळी सोय असल्याने आमच्यातली कित्येक मुले पुण्या-कोल्हापूरला शिकतात आणि घरी परततात. दोन्हीकडचे नियम वाचून ते मालकाला त्याच्या भाषेत समजावून सांगू शकणारी ही मुले आहेत. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी पिकाची जमीन वाचवण्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. रेघ आपल्या शेतावरून जाते तेव्हाच माणसाला आराखडा कळतो. तो आधी समजावणारे कोणी त्याच्या ओळखीत नसते.

आता वाट कशी काढायची ते सांगते.

बी.प्लॅन.मध्ये आम्ही आलेखन शिकतो, सर्वेक्षण शिकतो. साइट प्लॅनिंग, वस्त्यांचा इतिहास, पर्यावरण, गृहनिर्माण, इमारतींचे उपविधी, इस्टिमेटची तोंडओळख, शोधनिबंध, आणि दर सत्राला नियोजनाचा स्टुडिओ. यातले बरेच विषय बी.आर्च.लाही आहेत. जे आमच्याकडे नाही किंवा नावापुरते आहे, ते म्हणजे बांधकामशास्त्र, स्ट्रक्चर, पाणी-वीज-सांडपाण्याच्या सर्व्हिसेस, वर्किंग ड्रॉइंग आणि इमारतीच्या डिझाइनचा स्टुडिओ. माझे म्हणणे असे, की पहिल्या यादीतल्या विषयांचे क्रेडिट धरावे, म्हणजे ते शिकून झाले असे मानावे, आणि दुसऱ्या यादीतल्या एकाही विषयात सूट देऊ नये. डिझाइन स्टुडिओ पहिल्या पायरीपासून करायला लावा. कार्यालयातले प्रॅक्टिकल ट्रेनिंग पूर्ण करायला लावा. प्रवेशाला 'नाटा' ठेवा, वर कामाचा पोर्टफोलिओ तपासा, मुलाखत घ्या. इतके करूनही ५ वर्षांचे साडेतीन वर्षांत बसेल, असा माझा अंदाज आहे. ४ लागतील असे तुम्हाला वाटले तरी चालेल. आज शून्य धरले जाते, ते बदलले पाहिजे.

यासाठी कायदा बदलावा लागत नाही. प्रवेशाचे आणि कालावधीचे नियम परिषदेच्या २०२० च्या किमान शिक्षण मानकांच्या विनियमांत आहेत, आणि विनियम परिषदच केंद्र सरकारच्या मंजुरीने करते. एका अभ्यासक्रमातले क्रेडिट दुसरीकडे नेता यावे म्हणून २०२१ पासून 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' उभी आहे. १९७२ च्या कायद्यानेही ३७ व्या कलमातून 'लँडस्केप आर्किटेक्ट' आणि 'नेव्हल आर्किटेक्ट' यांना वगळले आहे. कुठे काय वेगळे धरायचे याचा विचार तेव्हाही झाला होता.

एक अडचण तर फार कमी लोकांच्या लक्षात येते. बी.प्लॅन.ला बारावीत गणित लागते, भौतिकशास्त्राची सक्ती नाही. म्हणून कॉमर्स किंवा आर्ट्सला गणित घेतलेली मुलेही तिकडे जातात. बी.आर्च.ला मात्र गणिताबरोबर भौतिकशास्त्र हवेच. ही मुले पदवीधर झाल्यावर ५ वर्षे घालवायलाही तयार असली तरी त्यांना बी.आर्च.चे पहिले वर्षसुद्धा मिळत नाही. आधी बारावीचे फिजिक्स द्यायचे, मग पुढचे. खानापूर तालुक्यातल्या एका मुलीने मला याच कारणासाठी फोन केला होता. तिच्या कॉलेजात सायन्स शाखाच नव्हती. पदवीच्या वर्गात ती पहिली होती. तिला काय सांगावे ते मला सुचेना. स्ट्रक्चरसाठी लागणारे बल, भार, ताण हे विषय एका सत्राच्या पूरक वर्गात शिकवून परीक्षा घेता येते. वयाच्या सतराव्या वर्षी घेतलेल्या विषयावर पुढची सगळी वाट बंद करण्याचे कारण नाही.

बाहेरच्या देशांत काय आहे, तेही पाहू. अमेरिकेत कुठल्याही विषयाच्या पदवीधराला साधारण ३ ते साडेतीन वर्षांचे एम.आर्च. करता येते. त्यानंतर ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव आणि ६ भागांची परीक्षा, तेव्हा कुठे परवाना. म्हणजे दार रुंद आहे, चाळणी मात्र बारीक आहे. तिकडे जाऊन शिकायचे तर घर गहाण पडते, आणि परत आल्यावर ती पदवी आपली परिषद मान्य करते की नाही, हा प्रश्न उरतोच. ज्याची ऐपत आहे त्याला वाट आहे आणि जांबोटीच्या मुलीला नाही, हे मला पटत नाही.

तुमच्यातून दोन आक्षेप येतात. पहिला, आम्ही ५ वर्षे घासली, यांनी कमी वर्षांत का व्हावे? तर आम्हीही ४ वर्षे घासलेलीच असतात. ती धरली तर आमची एकूण वर्षे तुमच्याहून जास्तच होतील. दुसरा, आज तुम्ही मागता, उद्या इंटिरिअरवाले आणि सिव्हिलवाले मागतील. मागू देत. प्रत्येकाचा अभ्यासक्रम विषयवार तपासा, जेवढे जुळते तेवढेच धरा, बाकीचे शिकायला लावा, शेवटची परीक्षा सगळ्यांना एकच ठेवा. दर्जा सांभाळायचा तो तिथे.

परिषद निर्णय घेईल तेव्हा घेईल. तोपर्यंत तुमच्या हातात जे आहे ते करा. नियोजनाच्या पदवीधराला घेताना त्याचे पद खरे लिहा: नगररचनाकार, प्लॅनर, जे असेल ते. नकाशावर ज्याने काम केले त्याचे नाव येऊ द्या. त्याला नुसते कॅडवर न बसवता आठवड्यातून एकदा तरी साइटवर न्या. फुटिंगपासून कोब्यापर्यंत एक तरी घर त्याला पूर्ण पाहू द्या. त्याने काय काय पाहिले, कोणता छेद स्वतः काढला, त्याची वही ठेवायला लावा आणि महिन्याला त्यावर सही करा. उद्या वाट निघाली तर ती वही प्रवेशाला कामाची होईल. लेआऊट आणि नियमांचे काम तो नव्या बी.आर्च.इतकेच किंवा जास्त चांगले करत असेल, तर पगारही त्याच मापाने द्या. आणि सही तुमची असते तेव्हा जबाबदारीही तुमची, हे मालकाला स्पष्ट सांगा. आम्हाला आडून आर्किटेक्ट म्हणून उभे करू नका. त्यात मालकाची फसवणूक होते आणि आमचेही पुढे काही होत नाही.

परिषदेपर्यंत पोहोचायची सोय तुमच्याकडे आहे असे वर म्हटले, ती अशी. परिषदेवर ५ आर्किटेक्ट 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स'च्या सदस्यांतून निवडून जातात. ५ जण आर्किटेक्चर संस्थांच्या प्रमुखांतून जातात. प्रत्येक राज्य सरकार एक आर्किटेक्ट नेमते. तुमच्यापैकी बरेच जण या इन्स्टिट्यूटचे सदस्य आहेत, काही जण इथल्या कॉलेजांत शिकवतात. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या शहरात आहे. नियोजनाच्या पदवीधरांसाठी क्रेडिट धरणारा बी.आर्च. प्रवेश सुरू करावा, असा ठराव बेळगावातून गेला आणि त्याला कोल्हापूर, सांगली, हुबळीच्या मंडळींचा दुजोरा मिळाला, तर दिल्लीला तो वाचावा लागेल.

तुमच्या पुढच्या बैठकीत मला अर्धा तास द्यावा, ही विनंती. बी.प्लॅन. आणि बी.आर्च.चे विषय सत्रवार शेजारी-शेजारी मांडलेला तक्ता मी घेऊन येते, कंग्राळीची आणि वडगावची शीट्सही आणते. खानापूरच्या त्या मुलीलाही बरोबर आणायचा विचार आहे, तिचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐका. ज्या विषयात सूट देऊ नये असे वाटेल त्यावर तिथेच लाल खूण करा. ठरावाचा मसुदा त्याच कागदावरून तयार करू.

आपली,
एक नगररचनाकार
वडगाव, बेळगाव